जिन्याकडून फुटलेलं प्लायवूड

आमच्या पारनेरच्या घरात जिना आणि पुढची खोली यांच्यामध्ये भिंत म्हणून नुसतं पातळ प्लायवूड होतं. त्याला एक मोठं भोक होतं. ते माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं पाडलं, असं दहा वर्षं सगळे समजत होते. पाडलं मी. हे लिहायला सोपं जातंय, बोलायला जमत नव्हतं.

झालं असं. भाऊबीजेला तो अकोल्याहून आला, जेवला आणि त्या प्लायवूडला पाठ टेकून बसल्या जागी घोरायला लागला. मला डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. म्हणून वरच्या मजल्यावर करंज्यांच्या डब्याकडे जाऊन, दोन खिशात घालून, मी पाय न वाजवता उतरत होतो. टाच घसरली आणि गुडघा प्लायवूडमधून आरपार, मेहुण्याच्या खांद्याशेजारी. मी खरचटलेला गुडघा ओढून घेतला आणि वर पळालो. मेहुणा जागा झाला, भोक बघून म्हणाला, "अरारा, माझ्या पाठीनं गेलं."

मी सावकाश खाली आलो. म्हटलं, "असू द्या पाहुणं, होतं असं."

माझ्या या मोठ्या मनाचं सासरी फार कौतुक झालं.

गेल्या महिन्यात तिथं विटांची भिंत घालायला काढली, तर मेहुणा न बोलावता हजर. "दाजी, नुकसान मी केलंय, विटा मीच वाहनार." तो वाहत होता, मी खुर्चीवर चहा पीत होतो. गवंड्यानं प्लायवूड उतरवलं, दोन्ही अंगांनी बघितलं.

"कुनी फोडलं हे?"

"मी," मेहुणा खाली बघत म्हणाला. "खोलीत पाठ टेकली हुती."

"न्हाई. ढलप्या सगळ्या खोलीकडं वळल्यात. हे जिन्याकडनं फुटलंय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "अहो?"

"गुडघा माझा होता," मी म्हणालो.

मेहुण्यानं हातातल्या विटा एकेक करून खाली ठेवल्या. "दाजी, गावात मला कोन भिंतीला टेकू देत न्हाई. मांडवात खांबापासून लांब बसवत्यात. माझ्यासाठी पोरगी बघायला गेलो, तर आईनं आधीच सांगितलं, याला मधी बसवा."

त्यानं आईला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. मी सगळं सांगितलं, करंज्यांसकट. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, त्याला वाचवायला किती खोटं बोलाल? लई मोठं मन तुमचं."

"आता समक्ष चला," मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात, त्यांच्या ओसरीवर, सगळ्या भावकीसमोर मी पहिल्यापासून सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी त्याचे चुलते म्हणाले, "गुडघा दाखवा."

मी पायजमा वर केला. ढलपीचा व्रण सगळ्यांनी वाकून, हात लावून बघितला. मग चुलते स्वतः भिंतीपासून पुढे सरकले आणि मेहुण्याला म्हणाले, "ये, टेक निवांत."

तो टेकला. मला मात्र मधी बसवलं.