मोटारीच्या खोलीची कडी

भूतबाधा, अंगात येणं, असलं मी कधीच मानलं नाही. माहेरी कुणी तसल्या गोष्टी सांगायला बसलं की मी उठून भांडी घासायला जायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी मोबाईलवर वाचते, म्हणून माझाही लिहून ठेवते. पाठवायचं धाडस होईल की नाही, माहीत नाही.

आम्ही वाघोलीच्या पुढे राहतो. आजूबाजूच्या जमिनी बिल्डरकडे गेल्या, आमचा उसाचा एक तुकडा तेवढा राहिलाय. तीन बाजूंना सोसायट्यांच्या भिंती आणि मधे आमचा ऊस. तिथे विहीर आहे आणि विहिरीला लागून मोटारीची खोली. खोलीचं लोखंडी दार आत उघडतं आणि कडी फक्त बाहेरून आहे. बिजागऱ्या सैल झाल्यामुळे दार फरशीला टेकलंय. दोन्ही हातांनी उचलून ओढल्याशिवाय ते हलत नाही, म्हणून आत गेलं की आम्ही ते उघडंच टाकतो. दाराशेजारी गज लावलेली लहान खिडकी आहे, आणि समोर पाण्याचा हौद.

त्या आठवड्यात मोटारीची लाईट सकाळच्या पाळीला येत होती. आमचे हे दूध घालायला सोसायटीत गेले होते, म्हणून मोटार चालू करायला मी गेले. स्टार्टरवरचे तीन दिवे लागायची वाट बघत मी दाराकडे पाठ करून उभी होते.

तेवढ्यात मागे दार फरशीवर घासलं... खर्रर्र. वळेपर्यंत बंद! आणि बाहेरून कडी बसली.

"कोण आहे हो?" मी हळूच विचारलं. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. त्यात शेजारच्या बांधकामाच्या साइटवरचा कुणी असला तर आणखी तमाशा, असं वाटलं.

खिडकीतून पाहिलं तर माणूस कुठेच नव्हता. उसातून बिबट्या बाहेर येत होता.

मी यांना फोन लावला.

"अहो, मी मोटारीच्या खोलीत कोंडलेय. बाहेर बिबट्या आहे."

"मग कडी कुणी लावली? बिबट्यानं?"

"खरंच सांगते हो..."

"अगं, कुत्रं असंल. बरं, फोटो पाठव. फॉरेस्टवाले फोटोशिवाय हलत न्हाईत. लोक हल्ली घरबसल्या वाघ बनवून पाठवत्यात."

घाईत पहिला फोटो नुसत्या गजांचा आला. दुसरा बरा आला. बिबट्या हौदाच्या कठड्याजवळ बसला होता, अगदी समोर. फोटो पाठवला. पुन्हा फोन आला तेव्हा यांचा आवाज बदललेला होता. "हलू नगं. आलोच आम्ही."

मग तो उठला आणि दाराशी आला. दिसेनासा झाला, पण वास येत होता. त्याने दार ढकललं. पत्रा आत वाकला, कडी खडखडली. मी पाठ लावून दाराला टेकले. माझ्या वजनाने काय होणार होतं? कडी होती म्हणून दार राहिलं.

थोड्या वेळाने सगळं शांत झालं. खिडकीतून पाहिलं, कुणी नाही. आता मात्र मला आत श्वास पुरेना. वरचा पत्रा तापला होता. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "गेला तो. जे कुणी असाल ते, कडी काढा हो. पाया पडते."

कडी हलली. मी ती हलताना ऐकली. अर्धी सरकली... आणि परत जागेवर जाऊन बसली.

मी चिडून दारावर मूठ मारली. त्याच वेळी बिबट्या हौदामागून उठून उभा राहिला. गेलाच नव्हता तो.

हे आणि गावातली माणसं फटाके वाजवत आली तेव्हा तो उसात शिरला. यांनी कडी काढली. मी बाहेर आले ती सरळ चिखलातच बसले.

"बाहेरून कडी लावून आत जाऊन बसली! लई हुशार हाय आमची बायको," यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. सगळे हसले. हसता हसता हे मात्र माझ्याशेजारी चिखलातच टेकले.

दुपारी फॉरेस्टचा माणूस आला. त्याने खिडकीतून हात घालून पाहिला, कडीपर्यंत पोचला नाही. दारासमोरच्या ओल्या मातीत बिबट्याचे पंजे होते. माझे आत जाणारे पाय होते. नंतर आलेल्या आमच्या माणसांचे सोडले, तर आणखी कुणाचे नव्हते. मग त्याने फोटो मोठा करून पाहिला.

"काकू, तेव्हा दाराशी कोण उभं होतं?"

"कुणी नाही."

"मग हा कुणाकडे बघतोय?"

मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. बिबट्या माझ्याकडे, खिडकीकडे बघतच नव्हता. कान मागे पाडून तो दाराकडे बघत होता. जमिनीकडे नाही, वर... उभ्या माणसाचं तोंड जिथे असतं तिथे. तिथे तर नुसतं बंद दार होतं.

सोसायटीतल्या बायका म्हणतात, फोटो कॉम्प्युटरवर केलेला आहे. हे म्हणतात, दार वाऱ्याने लागलं. ते दार वाऱ्याने लागत नाही, हे यांनाही माहीत आहे.

मला काहीच उलगडलेलं नाही. मोटार चालू करायला मी अजूनही जाते. दाराला आता आतूनही कडी बसवून घेतलीय, पण ती लावायला हात धजत नाही. त्या दिवशी ज्याने मला कोंडलं त्याला शिव्या द्याव्यात की हात जोडावेत, ते अजून ठरत नाही.