नारळ पुढे, आम्ही मागे

भर पौर्णिमेला, ओहोटी लागत असताना, मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मासे पकडायला शिकवायचं म्हणून वर्सोव्याच्या खाडीतून होडी बाहेर काढली. मला पोहता येत नव्हतं. मासे पकडताही येत नव्हते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या शेजारच्या लेथवर पांडू नावाचा वर्सोव्याचा कोळी होता. डबा खाताना मी त्याला ऐकवायचो, "आम्ही कोकणातले रे, समुद्र रक्तात आहे आमच्या." खरं तर आमच्या गावाहून समुद्र एसटीने दीड तास. घरी लेकीला, शुभालाही मी याच थापा मारायचो. एक दिवस ती म्हणाली, "मग मला कधी नेणार?" वाट लागली! पांडूकडे एकट्याने वल्हवायची छोटी होडी होती. तो म्हणाला, "अष्टमीला ये, तेव्हा पाण्याला जोर नसतो." मला ते पटेना. पोरीची पहिलीच खेप, दिवस देवाचा नको? मी कॅलेंडर बघून पौर्णिमा ठरवली. पांडू कामावर गेला, मी रजा टाकली, आणि किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या त्याच्या आईला बेधडक सांगितलं, "पांडूनेच सांगितलंय, होडी घेऊन जा म्हणून."

"खाडीतच र्‍हा," ती म्हणाली.

दुपारचा एक वाजला असेल. खाडीच्या तोंडाशी मी आमच्या गावच्या रवळनाथाचं नाव घेऊन नारळ पाण्यात सोडला. तो असा सुसाट बाहेर निघाला की माझे डोळे भरून आले. "बघ शुभा, देवाने कसा लगेच घेतला!" आज लिहितानाही कान गरम होतात. पौर्णिमेची जोरदार ओहोटी डोळ्यांसमोरून नारळ पळवत होती आणि मी हात जोडून बसलो होतो. पाच मिनिटांनी आम्ही त्या नारळाच्या मागेच होतो.

मी होडी वळवली. वल्हं मारलं, आणखी मारलं, शर्ट घामाने चिकटला, पण वर्सोव्याची घरं लहानच होत गेली. नांगर मी जड वाटला म्हणून किनाऱ्यावरच ठेवला होता. शुभा मात्र मजेत होती. तिने गळाची दोरी सोडली होती. ही दोरी मी निवडलेली, दुकानातली सगळ्यांत जाड. दुकानदार हसून म्हणाला होता, "काय, देवमासा धरताय?"

शेवटी हात उचलेनात. मी वल्हं होडीत ठेवलं. पुढे नुसता उघडा समुद्र, आणि ज्या पोरीला मी खोटं बोलून इथवर आणलं ती माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं देवाकडे मी मागतच आलो होतो, बढती माग, खोली माग. त्या क्षणी मागायलाही तोंड नव्हतं. तरी गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं आपोआप बाहेर पडलं, "बा देवा रवळनाथा, ह्या खुळ्याची चूक पदरात घे, माझा काय व्हायचा ता होवंदे, पण पोरीक सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शुभा खणखणीत ओरडली. गाऱ्हाण्याला सगळे असंच ओरडतात, गावाला गेल्यावर शिकली होती. आणि लगेच, "बाबा, लागला! मोठ्ठा लागलाय!"

दोरी ताठ झाली, होडी गर्रकन फिरली. "सोड, बोटं कापतील!" मी ओरडलो. ती सोडेना. मग मीही धरली. वीत वीत ओढत गेलो तेव्हा दिसलं, गळ अडकला होता तो तळाशी रोवलेल्या कोणाच्या तरी जाळ्याच्या दोरखंडात. वर त्याच्या खुणेचं पिंप तरंगत होतं. आम्ही होडी त्याला बांधली आणि बसून राहिलो. ऊन कलल्यावर जाळं उचलायला एक मोठी होडी आली. तिच्यात पांडूचा बाप होता. जाळं त्याचंच.

"देवानेच पाठवलं तुम्हाला," मी म्हणालो.

"रोजच येतो मी," तो म्हणाला, आणि आमची होडी आपल्या होडीला बांधली.

हा चमत्कार होता का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी एवढंच जाणतो की माझं सगळं शहाणपण मी वल्ह्यासोबत खाली ठेवलं, त्यानंतरच मदत आली, आणि तीही माझ्या हाताने नाही. सोडायचं मला होतं, धरून ठेवायचं तिला. रवळनाथाला दोघांची कामं नीट माहीत होती. त्याच्यापुढे उभा राहिलो की हल्ली मी काही मागत नाही, फक्त आभार मानतो.

किनाऱ्यावर पांडूची आई उभी होती. मी तिला खोटं बोलल्याची कबुली दिली, नारळापासून गाऱ्हाण्यापर्यंत सगळं सांगितलं. तिने शुभाच्या सोललेल्या बोटांना खोबरेल लावलं, तिच्या हातात मूठभर सुके बोंबील दिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढल्या खेपेला पोरीला एकलीला धाड. तू घरीच र्‍हा."