अवधूतची दोन मिनिटं

माझा नवरा अवधूत घरात प्लंबर येऊ देत नाही, सुतार येऊ देत नाही आणि इंटरनेट कंपनीच्या माणसाला तर दारातूनच परत पाठवतो. इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटात, कुठल्याही मराठी घरातलं वायफाय बंद पडलं की फोन यालाच. लोक कौतुक करतात आणि हा फुगतो. त्या हौसेपायी जिन्याखालच्या कपाटात वायरींचा असा पसारा झालाय, की मला तिथे झाडूसुद्धा फिरवता येत नाही.

त्या शनिवारी माझ्या एकुलत्या एक बहिणीचं, चैत्रालीचं, सांगलीत लग्न होतं. व्हिसाची भानगड अशी, की गेले तर परत येता येईल याची खात्री नाही. म्हणून ठरलं, मी इथूनच करवली व्हायचं. वहिनी टॅब घेऊन नवरीच्या मागे उभी राहणार आणि टॅबमध्ये मी. गोरज मुहूर्त, म्हणजे आमची सकाळ. पैठणी, नथ, हातात नारळ ठेवलेला कलश. मी तयार होते.

पहाटे वादळात लाइट गेली होती. ती आली, पण नेट येईना. मोबाइलची रेंजही नावापुरतीच.

"मी शेजारी लिंडाकडे जाते. तिचं चालू आहे."

"यार, दोन मिनिटं दे. राउटर रीबूट करतोय."

रीबूट झालं, मॉडेम बंद-चालू झाला. वायफाय दिसायचं, पण काही उघडायचं नाही. मग हा हेल्पलाइनवरच्या पोरीवर घसरला. ती बिचारी एवढंच विचारत होती, की वायरी कुणी हलवल्या का.

"नोबडी टच्ड एनीथिंग!" हा ओरडला. सोफ्यावर बसलेले माझे सासरे उगाच चष्मा पुसायला लागले.

मी दाराशी गेले की हा म्हणायचा, "आलंच, यामिनी." आणि मी मूर्खासारखी थांबायची. तेवढ्यात भावाचा मेसेज कसाबसा येऊन पडला: अक्षता पडल्या.

"अवधूत," सासरे हळूच म्हणाले, "लाइट गेल्यावर मी सगळे प्लग काढले होते. अकोल्यात लाइट परत आली की फ्रिज जळायचे ना, म्हणून. नंतर परत लावले. जिन्याखालच्या लुकलुकत्या डबीतून निघालेली एक वायर नुसतीच लोंबत होती, तिचं मोकळं टोक त्याच डबीतल्या रिकाम्या भोकात बसवलं."

एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डबीत! सगळं नेटवर्क स्वतःभोवतीच गरगरत बसलं होतं. अवधूतने ती वायर उपटली, नेट आलं, आणि हा चक्क हसला.

"लूप झाला होता! बाबा, तुम्ही पण ना. चालतं हो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चालतं? त्या पोरीला झाडलंस, बाबांना चालतं म्हणालास, आणि मला? माझ्या बहिणीचं लग्न परत लागणार आहे का?"

"अगं, रेकॉर्डिंग असेल ना."

मी कलश टेबलावर असा आदळला, की पाणी त्याच्या लॅपटॉपपर्यंत गेलं. गेलं तर गेलं. तो फडकं शोधायला पळाला, ते बरंच झालं.

फोन वाजला. चैत्राली, मुंडावळ्यांसकट, घामेजलेली, हसणारी.

"ताई, अंतरपाट धरला तेव्हा मला इतकं रडू येत होतं! पण म्हटलं, मागे ताई उभी आहे. म्हणून नाही रडले."

तिच्या खांद्यामागे वहिनीने मान खाली घातली.

"होते ना गं," मी म्हणाले.