बापाची सावकाश नाडी

माझा बाप जन्मभर मेंढरांमागं चालला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी घनसावंगीत तपासणी झाली, तेव्हा नाडी सावकाश लागली. डॉक्टरनं दिवसभर काय करता एवढंसुद्धा विचारलं नाही. "हृदय कमजोर आहे, चालणं बंद," म्हणाला.

बाप म्हणाला, "मला काहीच न्हाई झालं." आम्ही शिकलेली लेकरं त्याच्यावरच खेकसलो आणि मेंढरं विकून टाकली.

वर्षभर बाजेवर बसून बापाला चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. मग जालन्याला दाखवलं, तर तिथला डॉक्टर सगळं ऐकून माझ्यावर उखडला, "चालणाऱ्या माणसाची नाडी सावकाशच असते! रोज चालवा यांना."

त्या पहिल्या डॉक्टरची चीड येतेच, पण आमची स्वतःचीच जास्त येते. आता बाप रोज रिकाम्या माळावर चालतो. परवा मधेच थांबून त्यानं परवानगी मागावी तसं मला विचारलं, "आता वळू का माघारी?"