खंडेनवमीला धुतलेली गाडी

निलंग्यात जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचा जोर गेला, की माणसं सरळ मल्लिनाथ अप्पांचं गॅरेज गाठतात. पस्तीस वर्षं झाली. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर जोडणाऱ्या, गिअरशेजारच्या छोट्या लिव्हरवर अप्पा तळहात ठेवतात, गाडी दहा पावलं चालवतात आणि आत काय झिजलंय ते सांगून मोकळे होतात. खोललं की तेच निघतं.

बटणाच्या गाड्या आल्या, तशी अप्पांची कुरकुर सुरू झाली. या गाड्यांत छोटी लिव्हर नाही. गोल बटण फिरवलं, की खाली बसवलेली एक लहानशी मोटर पुढच्या चाकांना जोर जोडून देते. “लिव्हर हाताला सांगती, बाई. बटन काय सांगतंय? दिवा लागला म्हणायचं अन् देवाचं नाव घ्यायचं!” हे ते तनुजाला दर खेपेला ऐकवत. तनुजा जनावरांची डॉक्टर, मूळची उमरीची. काळ्या रानातला चिखल तुडवत गोठ्यापर्यंत पोचायचं म्हणून तिने बटणाचीच गाडी घेतली होती. ती नुसती हसायची आणि गाडी मात्र अप्पांकडेच आणायची.

अप्पांचा एक नेम होता. खंडेनवमीला पान्या-हातोड्यांची पूजा करायची, ती गॅरेजातल्या सगळ्या गाड्या स्वतः धुऊन झाल्यावरच. गेल्या वर्षी ऑइल बदलायला आलेली तनुजाची गाडीही त्यांत होती. अप्पांनी जोराचा फवारा पोटाखाली धरून वाळलेली माती काढली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि गाडी तिच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं द्यायला पाच-सात माणसं जमली होती, तेवढ्यात तनुजाची गाडी रखडत आत आली. अडलेली म्हैस सोडवून ती येत होती. चिखलासाठी बटणाने लावलेला ‘लो’, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर, परत निघतच नव्हता. नऊ किलोमीटर ती बैलगाडीच्या चालीने आली होती, वळणावळणाला टायर कुरकुरत होते, बटणाजवळचा दिवा नुसता मिचमिचत होता.

“अप्पा, जिंकलात तुम्ही,” ती थकून म्हणाली. “विकून टाकते ही. माझ्यासाठी लिव्हरची जुनी जीप बघा.”

शेजारच्या पंक्चरवाल्या दगडोबाला तेवढंच हवं होतं. “अप्पा कवाधरनं सांगायलेत! बटनाचं काय खरं हाय?”

अप्पा मिशीत हसले. का हसू नये? इतकी वर्षं घसा कोरडा केला, आज सगळ्यांदेखत खरं ठरलं होतं. त्याच ऐटीत ते गाडीखाली सरकले. मोटरच्या वायरींचा जोड ओढला, तर आतलं पाणी टपकन गालावर पडलं. जोडावरचं रबर जागेवरून सरकलं होतं. हे काम कालच्या फवाऱ्याचं, म्हणजे त्यांच्याच हातचं.

पुसून गप्प बसले असते, तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. गाडी विकली गेली असती आणि अप्पांचा शब्द जन्मभर खरा राहिला असता. अप्पांनी ओला जोड तसाच लोंबता ठेवला. मग बाहेर आले.

“बटनाची चूक न्हाई,” ते म्हणाले. “माझी हाय. काल म्या फवारा थेट जोडावर मारला. लिव्हरीला ते चाललं असतं, हिला न्हाई चालत. मला ठावं नव्हतं. गाडी विकू नका बाई, लई चांगली हाय.”

अप्पांनी जोड वाळवला, रबर नीट बसवलं, गाडी न्यूट्रलला उभी करून बटण फिरवलं. खालून खट्‌ असा आवाज आला, ‘लो’ निघाला आणि दिवा विझला. तनुजाने त्यांच्या तेलकट हातात आपट्याची पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

यंदाच्या खंडेनवमीला तिची गाडी आली, तेव्हा अप्पांनी पाण्याचा पाइप बंद केला. गुडघ्यांना शिव्या देत गोणपाट अंथरलं, गाडीखाली शिरले आणि ओल्या फडक्याने माती पुसायला लागले. बाहेर दगडोबा एका नव्या गिऱ्हाइकाला सांगत होता, “अप्पांच्या हातनं चूक म्हनून व्हायची न्हाई!”

गाडीखालून आवाज आला, “दगड्या, आदी ह्या गाडीचं सांग त्यांना.”