पत्र्याच्या भिंतीत उतरलेला करंट

मंडळी, आज दुपारी नाशकात नासर्डीकाठच्या वस्तीत गेले होते, माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या मीनाताईंकडे. चप्पल काढताना पत्र्याच्या भिंतीला टेकणार, तोच त्या ओरडल्या, "ताई, हात नका लावू! पावसात करंट उतरतो."

मी हात मागे घेतला. ऐंशी सालच्या सुमारास आम्हीही अशाच झोपडीत राहायचो. एका सकाळी शेजारच्या सखूमावशी ओल्या हातानं पत्र्याला चिकटल्या. आईनं लाकडी पाटानं ढकलून त्यांना सोडवलं. मावशी वाचल्या. पण त्यानंतर आई आम्हा भावंडांना मधोमध झोपवायची आणि स्वतः भिंतीकडे झोपायची.

मीनाताईंना म्हटलं, "वीज मंडळाच्या वायरमनला बोलवा ना."

"मीटरच नाही, तो कशाला येईल?"

घरी आलेय, पण जीव थाऱ्यावर नाही. पाऊस सुरूच आहे. कोणाला भेटू, सांगाल?