पाय टेकले नाहीत

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी आणि बायको फक्त रविवारचे नवरा-बायको होतो. मी चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात, आणि ती पुनावळ्याच्याही पुढे, डोंगराकडच्या एका वाडीवर शिक्षिका. एसटी हमरस्त्यावर सोडायची. पुढे दीड तास बैलगाडीची वाट आणि मधे दगडगोट्यांचा ओढा. रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणून ती वाडीतच खोली घेऊन राहायची.

त्या वाटेवर चालेल अशी मोटारसायकल घ्यायची आणि बायकोला रोज घरी आणायचं, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. साहेबांच्या मागे लागून मी कायमची रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी तिला सोडता येईल आणि संध्याकाळी आणता येईल. झोपेचं नंतर बघू म्हटलं. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि स्कूटरचं पोट तर पहिल्याच दगडावर टेकलं असतं. म्हणून जुनी शोधायला लागलो.

चाकणला लष्करातून निवृत्त झालेला एक सहा फुटी म्हातारा आपली गाडी विकत होता. डोंगरात फिरवायला म्हणून त्याने ती उंच करून घेतली होती. सायलेन्सर वर उचललेला, टायरना खोल नक्षी. मी खिशातून बारीक फटी मोजायचं फिलर गेज काढलं. इंजिनाच्या टॅपेटची फट तपासली, चेनचा ढिलेपणा मोजला, चाक फिरवून तिरकं जातं का ते पाहिलं. कारखान्यात रोज हेच करून माणसाला वाटायला लागतं की मापात बसलं ते पास. म्हातारा पायरीवर बसून शांतपणे बघत होता.

शेवटी तो म्हणाला, "राव, आदी बसून बघा. पाय टेकत्यात का?"

मला ते झोंबलं. माझ्या उंचीवरून खात्यात रोज थट्टा व्हायची, ती आता इथेही. टेकतील की, असं म्हणून मी बसून न बघताच गाडी ताब्यात घेतली. घरी येताना रेल्वेच्या फाटकाशी थांबलो, तेव्हा चवडे टेकले. डांबरी रस्त्याला तेवढं पुरतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे उगाच म्हणत नाहीत.

त्या रविवारी तिला एसटीत बसवून दिल्यावर दुपारभर मोकळ्या माळावर हात बसवला. सोमवारी संध्याकाळी तिला आणायला गेलो. शाळेची पोरं धावत आली. ती लाजली, पदर खोचून मागे एका बाजूला बसली. वाडी सुटेपर्यंत मी गुणगुणत होतो, हे मला अजून आठवतं आणि स्वतःचाच राग येतो.

ओढ्याच्या मधोमध गाडी बंद पडली. मी डावा पाय खाली टाकला. खाली काही नव्हतंच, दोन दगडांमधला खड्डा होता. गाडी आडवी झाली आणि तिच्यासकट आम्ही दोघं. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचं उजवं मनगट मोडलं, फळ्यावर लिहायचा हात.

प्लास्टर निघालं, पण अक्षर पूर्वीसारखं आलं नाही. घरी असताना ती पाटीवर अ, आ गिरवत बसायची आणि पुसायची. मी समोर बसायचो. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाली, "सगळं मोजलंत. मला सोबत न्यायचं होतंत, मी आधी बसून बघा म्हटलं असतं."

म्हाताऱ्याने तेच सांगितलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आजवर नाही.

गाडी विकून टाकली. ती वाडीवर परत गेली. दुसरी, बुटकी गाडी बघू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, आहे ते बरं आहे. मी रात्रपाळी सोडली नाही. रिकाम्या घरात रात्री झोपायचं तरी कशाला?

पुढे सात वर्षांनी तिची बदली घराजवळ, आकुर्डीला झाली. सामान लागलं, पहिला रविवार छान गेला. मग सोमवार उजाडला, आणि चहाचे कप समोर घेऊन बसलो तेव्हा एकमेकांशी काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना.